डब्यातले रुपये

माझ्या घरात फडताळाच्या वरच्या फळीवर बोर्नव्हिटाचा एक जुना डबा आहे. त्यात १,१०३ रुपये आहेत, जवळजवळ सगळी एकेक रुपयाची नाणी. हे पैसे माझे नाहीत. औंढे, देवले, पाटण, सदापूर, वाकसई इथल्या पोरांकडून मी ते दंड म्हणून घेतले. गुन्हा एकच होता, माझ्या क्लासमध्ये मराठी शब्द बोलणं. एका शब्दाला एक रुपया.

लोणावळ्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. शाळेतलं इंग्रजी म्हणजे धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी ती उतरवून घ्यायची. त्यातून बोलता कुणालाच येत नसे, हे मला माहीत होतं आणि हेडमास्तरांनाही माहीत होतं. २००२ साली एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला. तो आमच्या गावाच्या अंगावरूनच जातो. मागोमाग जमिनींना भाव आला, माळावर बंगले उठले, हॉटेलं झाली आणि ज्यांच्या बापाची भातखाचरं त्या बंगल्यांखाली गेली ती पोरं तिथंच माळी, वॉचमन, वेटर म्हणून लागली. मला वाटलं, यांना चार वाक्यं इंग्रजी आलं तर निदान काउंटरच्या पलीकडे तरी उभी राहतील. म्हणून २००३ च्या उन्हाळ्यात मी घराच्या पडवीत सतरंजी टाकली. फी महिन्याला शंभर रुपये. ज्याला जमत नसे त्यानं लावणीच्या दिवसांत एक दिवस आमच्या खाचरात यायचं.

क्लासचे नियम दोन. पहिला तो डब्याचा. दुसरा त्याहून कडक होता. समोरच्यानं काहीही विचारलं तरी ‘कळलं नाही’ म्हणायचं नाही. मान डोलवायची, हसायचं आणि ठणकावून म्हणायचं, ‘येस सर, सर्टनली.’ कळलं नाही म्हणालास की तू खेड्यातला ठरलास, हे माझं आवडतं वाक्य. ते मी सतरा उन्हाळे म्हटलं.

हे वाक्य कुठून आलं तेही सांगून टाकतो. १९७६ साली मी लोणावळ्याहून लोकलनं पुण्याला कॉलेजात जायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात एका प्राध्यापकांचं काहीतरी डोक्यावरून गेलं म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘सर, परत सांगता का?’ मराठीत. वर्ग हसला. सरही हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले. पुढच्या चार वर्षांत मी एकही प्रश्न विचारला नाही. न कळलेलं लपवायची जी हातोटी मी तिथं कमावली, तिलाच पुढे मी ‘कॉन्फिडन्स’ म्हणायला लागलो आणि फी घेऊन शिकवायला लागलो.

धाकटी बहीण देवल्याला दिली आहे. तिचा मुलगा माझ्या क्लासचा पाच उन्हाळ्यांचा विद्यार्थी. पोरगं हुशार, पण तोंडात सारखी मराठी. दंडाच्या वहीत सगळ्यांत वर त्याचं नाव, ३७ रुपये. त्यानं हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, दोन वर्षं लोणावळ्यातच हाउसकीपिंगला काढली आणि मग मुंबईच्या एजंटांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही काढणं, आग विझवायचा आणि पाण्यात तग धरायचा कोर्स, मेडिकल, व्हिसा, आणि मार्लिन नावाची इंग्रजीची परीक्षा. तिच्यात त्याला इतके चांगले मार्क पडले की मी पेढे वाटले. २०१७ मध्ये तो एका परदेशी कंपनीच्या क्रूझ शिपवर केबिन स्टुअर्ड म्हणून चढला. मी गावभर सांगत सुटलो की हे माझ्या डब्याचं फळ.

पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून तो साइन ऑफ होऊन आला तेव्हा गणपती होते. आरती झाल्यावर पडवीत आम्ही दोघंच बसलो होतो. बाहेर मावळचा पाऊस, पागोळ्यांचा एकसारखा आवाज. मी त्याला विचारलं, ‘काय रे, इंग्रजी पुरलं ना?’

‘पुरलं, मामा,’ तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘पण तुमच्या येस सरनं मी चाळीस माणसं आगीत घातली.’

झालं होतं असं. बोटीवर चढून तिसरा आठवडा. क्रूची ड्रिल होती. त्याच्या सुपरवायझरनं, तो पूर्व युरोपातला, जिन्याजवळच्या एका दारापाशी त्याला उभं केलं आणि भराभर काहीतरी सांगितलं. भाच्याच्या कानावर ‘डोअर’, ‘पीपल’, ‘थ्रू’ एवढं आलं. त्यानं मान डोलावली, हसला आणि म्हणाला, ‘येस सर, सर्टनली.’ भोंगा झाला. प्रवासी म्हणून उभे केलेले क्रूचे लोक जाकिटं घालून आले. ह्यानं अदबीनं दार धरून एकेकाला आत सोडलं. सोडायचं नव्हतं. त्या दारामागे आग आहे असं धरून चालायचं होतं, दार बंद ठेवून सगळ्यांना दुसऱ्या जिन्यानं वर पाठवायचं होतं. चाळीस लोक गेल्यावर हातात पॅड घेतलेला एक अधिकारी आला आणि त्यानं विचारलं, तुला काय सांगितलं होतं ते कळलं होतं का?

‘मग तू काय म्हणालास?’

‘येस सर म्हणालो.’

अधिकारी म्हणाला, ‘डोन्ट टेल मी येस. टेल मी व्हॉट आय सेड.’ भाच्याला ते सांगता येईना. लेखी ताकीद मिळाली.

आता मला लगेच शहाणपण सुचलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. मी म्हणालो, तू नीट ऐकलं नसशील. त्या माणसाचे उच्चार वाईट असतील. मार्लिनला एवढे मार्क पडले ते काय उगीच? तो काही बोलला नाही. मामाशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात डबा फळीवरून खाली आला आणि क्लास तसाच चालला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही.

२०२० साली करोनामुळे जगातली जवळजवळ सगळी क्रूझ जहाजं बंद पडली. भाचा घरी आला तो वर्षभर घरीच. मीही रिटायर झालेला, क्लास बंद, बाहेर पोलीस. वाचायला घरात जे होतं ते दोनदा वाचून झालं तेव्हा मी त्याच्या बॅगेतलं एक झेरॉक्स बाड मागून घेतलं. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये मंजूर केलेली प्रमाण वाक्यं त्यात होती. जहाजाजहाजांत, जहाज आणि बंदरात आणि खुद्द जहाजावर इंग्रजीत काय आणि कसं बोलायचं ते त्यात लिहिलेलं आहे. प्रवाशांना संकटकाळी काय सांगायचं यासाठीही एक भाग आहे. मी मास्तरच्या सवयीनं लाल पेन घेऊन बसलो.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच पेन थांबलं. तिथं लिहिलं होतं की काही शब्द संदिग्ध आहेत, ते वापरू नका. कोणते? मे, माइट, शुड, कुड. दर उन्हाळ्यात माझा एक अख्खा आठवडा या चार शब्दांवर जात असे. इंग्रजीचा खानदानीपणा ह्यांच्यात आहे असं मी सांगत असे. ‘मे आय कम इन’ आणि ‘कॅन आय कम इन’ यांतला फरक ज्याला कळला त्यालाच इंग्रजी कळलं, असं म्हणून मी पोरांना उभं करून ठेवत असे. आणि हे बाड सांगत होतं की ‘मे आय एंटर द फेअरवे’ असं विचारू नका. आधी ‘क्वेश्चन’ म्हणा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की हा प्रश्न आहे. मग सरळ विचारा, मला आत यायची परवानगी आहे का? ‘यू कुड बी रनिंग इंटू डेंजर’ असं म्हणू नका. ‘वॉर्निंग’ म्हणा आणि सांगा, तुम्ही धोक्यात शिरता आहात. एकशे पन्नास म्हणू नका, वन-फाइव्ह-झीरो म्हणा. ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर ‘से अगेन’ म्हणा.

‘से अगेन’ला माझ्याकडे बंदी होती.

भाचा म्हणाला, ‘मामा, करून बघा एकदा.’ सुकाणूवरच्या माणसाला दिलेला प्रत्येक आदेश त्यानं आधी तसाच्या तसा परत म्हणायचा असतो आणि देणाऱ्यानं तो नीट पाळला जातो का हे बघायचं असतं. भाचा झाला अधिकारी, मला त्यानं सुकाणू म्हणून हातात परात दिली. बहीण दारात उभी राहून बघत होती. ‘पोर्ट टेन,’ तो म्हणाला. मी परात डावीकडे वळवली आणि म्हणालो, ‘येस.’

‘येस नाही मामा. पोर्ट टेन म्हणा.’

‘अरे, कळलं मला, वळवली ना!’

‘तुम्हाला कळलं हे मला कसं कळणार?’

तीनदा चुकलो. चौथ्यांदा ‘पोर्ट टेन’ म्हणालो आणि परात उजवीकडे फिरवली. बहीण हसली, पण त्याला हसू आलं नाही. तो शांतपणे म्हणाला, ‘आता बघा, तुम्ही बोललात म्हणून मला चूक कळली. नुसतं येस म्हणाला असतात तर बोट गेली असती.’ ४४ वर्षांपूर्वीचा तो पुण्याचा वर्ग मला त्या पडवीत आठवला. तेव्हा मी विचारलं ते बरोबर होतं आणि हसणारे चुकत होते, हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी मला भाच्याकडून कळलं.

मग मी त्याच विषयात शिरलो. जितकं वाचलं तितकं अवघडल्यासारखं झालं. ७ एप्रिल १९९० च्या रात्री ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीला आग लागली आणि १५९ माणसं मेली, बहुतेक धुरानं. खलाशी घाईघाईनं भरलेले. त्यांतल्या कित्येकांना नॉर्वेजियन येत नव्हती, डॅनिश येत नव्हती आणि इंग्रजीही येत नव्हती. प्रवाशांना बाहेरची वाट सांगायची तर कुठल्या भाषेत? त्यानंतरच्या काळात नियम आवळले गेले. आता प्रत्येक जहाजाला आपली कामाची भाषा ठरवून लॉगबुकात नोंदवावी लागते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण गेले. मूळ चूक कप्तानाची, तो बेटाला खेटून बोट न्यायला गेला. पण आदळण्याच्या आधीच्या मिनिटांत इटालियन कप्तान आणि इंडोनेशियन सुकाणूवाला यांच्यात आदेशांचा घोटाळा झाल्याचं चौकशीत नोंदलेलं आहे. तिथं कुणी कुणाला शांतपणे ‘से अगेन’ म्हणालं का, हा प्रश्न मला अजून पडतो.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. प्रवासी जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात संकटाच्या वेळी प्रवाशांशी कसं बोलायचं याची यादी आहे. प्रवाशांच्या भाषा काय आहेत याचा विचार करा, मोडकंतोडकं इंग्रजी चालेल, आणि बोलणं शक्यच नसेल तेव्हा हातवारे करा, करून दाखवा, बोटानं वाट दाखवा. हे सगळं कायद्यात आहे. माझ्या क्लासमध्ये हात हलवून बोलणाऱ्या पोराला मी हात मागे बांधून उभं करत असे. मॅनर्स!

दुसऱ्या नियमाची गोष्ट अशी झाली. डब्याच्या नियमाची पाठ सुटायला मात्र वेळ लागला, कारण तिथं मला माझंच म्हणणं खरं वाटत होतं. मराठी बोलत राहिलं की इंग्रजी येत नाही, ही तर साधी गोष्ट, असं मी धरून चाललो होतो. भाच्याला एकदा विचारलं, ‘तुमच्या बोटीवर किती देशांचे लोक?’ तो म्हणाला, ‘छातीवर नावाखाली देशाचं नाव असतं. मी साठापर्यंत मोजले, मग सोडून दिलं.’ गेस्टसमोर सगळे इंग्रजी. पण गेस्टना न दिसणाऱ्या भागात, खालच्या मजल्यावर, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ असतो. अमेरिकी बोटींवर क्रू त्याला आय-नाइन्टीफाइव्ह म्हणतो, तिकडच्या एका मोठ्या हायवेवरून. इंग्रजांच्या बोटींवर त्याचं नाव बर्मा रोड. भाचा म्हणाला, ‘आपल्या गावाशेजारून एक्स्प्रेसवे जातो ना, तसा. फक्त गाड्यांच्या जागी माणसं आणि ट्रॉल्या.’ त्या बोळात इंग्रजी तासाभरात जेवढं ऐकू येतं तेवढंच तागालोग, इंडोनेशियन, स्पॅनिश, हिंदी, कोकणी. आपल्या देशाचा माणूस भेटला की तो ‘पायसानो’, मग देश कुठलाही असो. कामचुकार तो ‘मामागायो’. 

त्याची पॅन्ट्रीतली जोडीदारीण ब्राझीलची. एक दिवस तिनं त्याच्याकडे काहीतरी मागितलं ते इंग्रजीत आठवेना म्हणून तिच्या भाषेत बोलून गेली, आणि ह्यानं न विचारता बादली पुढे केली. बाल्दे म्हणजे बादली. मग दोघांना नादच लागला. शावे म्हणजे चावी. प्रातो म्हणजे ताट, आपली परात त्याच घरातली. पगार तर पगारच, त्यांच्याकडे तो शब्द पैसे चुकते करण्यासाठी आहे. पोर्तुगीज चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर हे शब्द टाकून गेले. घमेलं, पिंप, तुरुंग, लिलाव हेही त्यांच्याबरोबरचेच. देवल्याच्या पोराला केबिन स्टुअर्डच्या कामाला जे शब्द लागतात, चावी, बादली, पगार, ते त्याच्या आईनंच त्याला शिकवून ठेवले होते. माझ्याकडे त्या तिन्हींचे मिळून तीन रुपये.

इंडोनेशियन पोरांशी उलटी गंमत झाली. त्यांची भाषा म्हणजे ‘बहासा’, शिक्षक म्हणजे ‘गुरु’, नाव म्हणजे ‘नामा’, काच म्हणजे ‘काचा’. ह्यानं आपला हक्क समजून मेसमध्ये भाताकडे बोट दाखवून विचारलं, ‘गरम?’ त्या पोरानं मिठाची बाटली दिली. त्यांच्यात गरम म्हणजे मीठ. पुढचे सहा महिने मिठाला सगळं टेबल गरम म्हणत होतं.

मी हे ऐकत होतो आणि मनात हिशेब चालू होता. माझ्या पडवीत मी ज्याला गळती समजत होतो, त्या गळतीवर हा पोरगा तिथं माणसं जोडत होता. आणि त्याला इंग्रजी येईनासं झालं होतं का? उलट, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला त्याला बढती मिळाली.

आमचा समुद्राशी काय संबंध, असं आम्ही मावळातले म्हणतो. माळावर उभं राहिलं की लोहगड दिसतो. १७१३ च्या सुमाराला तो कान्होजी आंग्र्यांनी घेतला होता, म्हणजे आरमाराचा सरखेल इथवर चढून आला होता. आणि हा ‘आरमार’ शब्दही पोर्तुगीजांचाच. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात जे खांब आहेत त्यांतले कित्येक धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटांनी आलेली ही माणसं, पण खांबावर नाव कोरलं ते इथल्या प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत. शाळेच्या सहलींना मी निदान वीस वेळा तिथं पोरं नेली. तो लेख दाखवायचं कधी सुचलं नाही. खांब मोजायला सांगायचो.

इंग्रजांच्या जहाजांवरही एक काळ उलटा होता. १८११ साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं जहाजावरच्या हिंदुस्तानीचा एक कोश काढला, तो साहेबासाठी. खलाशी आपल्याकडचे, कोकणातले, गुजरातेतले, बंगालातले. सारंग, टंडेल, सुकाणी अशी त्यांची हुद्द्यांची नावं. शीड वर-खाली करायला सांगायचं तर साहेबालाच त्यांची खिचडी बोली शिकावी लागे. गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यानपिढ्या मुंबईत आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावच्या सामायिक खोलीत, उतरून बोटीची वाट बघत, आणि बोटीवर गेले तरी जेवायला बसले की कोकणीच. त्यांच्यापैकी कुणी कोकणी बोलल्याबद्दल रुपया भरला असेल असं वाटत नाही.

पण मला शेवटी हलवलं ते इतिहासानं नव्हे. भाच्यानं सहज सांगितलेल्या एका प्रसंगानं. न्यू जर्सीचं एक मराठी कुटुंब बोटीवर आलं होतं. मुलगा, सून, नातवंडं आणि ऐंशीच्या घरातली आजी, पुण्याहून नेलेली. निघण्यापूर्वी किंवा निघाल्याबरोबर सगळ्या प्रवाशांना गोळा होण्याची जागा आणि जाकीट दाखवावं लागतं. मुलगा-सून पोरांच्या मागे, आजी नारिंगी जाकिटाकडे बघत केबिनच्या दारात उभी, चेहरा भेदरलेला. भिंतीवरच्या पाटीवर पाच भाषा, त्यांत तिची नाही. भाच्यानं ट्रॉली बाजूला लावली आणि म्हणाला, ‘आजी, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की जाकीट घेऊन या जिन्यापाशी यायचं. मी इथंच असतो.’

आजीनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘कुठला रे तू?’

‘लोणावळ्याजवळचा.’

‘मग आधी का नाही बोललास!’ असं म्हणून तिनं काय केलं असेल? तो काय म्हणाला ते त्याला परत म्हणून दाखवलं. सात छोटे, एक लांब, जाकीट, हा जिना. कुणीही न शिकवता. जे मला परात हातात घेऊन चौथ्या खेपेला जमलं ते आजीला पहिल्या खेपेला जमलं, कारण तिला कळलं नाही म्हणायची लाज नव्हती आणि कळलेलं बोलून दाखवायचीही नव्हती.

त्या रात्री मी ते वाक्य कागदावर लिहून शब्द मोजले. अठरा. जाकीट इंग्रजी धरलं तर सतरा रुपये.

आता काहीजण म्हणतील, मास्तर म्हातारपणी मराठीचा झेंडा घेऊन उभे राहिले. तसं नाही. इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. त्या बोटींवर इंग्रजी कच्चं असलेला पोरगा लाँड्रीत नाहीतर भांड्यांत राहतो, गेस्टसमोर येत नाही, आणि टिप गेस्टसमोरच मिळते. ते जग न्यायाचं वगैरे नाही. भाचा आठ-आठ महिने सुट्टीशिवाय काम करतो, बहिणीला ते डोळ्यांत दिसतं. जेवणाच्या हॉलमध्ये ‘मे आय’ अजूनही लागतंच. व्याकरण तर मी सोडलेलं नाही; परवाच एका मंत्र्याच्या बंगल्यावरची पाटी बघून मला दुखलं. माझं चुकलं ते इतकंच आणि ते पुरेसं मोठं आहे : भाषा येत असल्याचं सोंग मी भाषा म्हणून शिकवलं, आणि जी भाषा पोरांना येत होती तिच्यावर कर बसवला. पहिलं धोक्याचं होतं. दुसरं लाजिरवाणं होतं. दोन्हीला फी घेतली.

२०२२ च्या उन्हाळ्यात पडवीत पुन्हा सतरंजी पडली. दोन्ही जुने नियम गेले. आता मी काही सांगितलं की पोरांनी ते आधी परत म्हणायचं, इंग्रजीत अडलं तर मराठीत, मग करायचं. पहिल्या दिवशी सदापूरच्या एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, ‘सर, कळलं नाही, परत सांगा.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले, मास्तर आता काय करतात म्हणून. मी परत सांगितलं.

२००३ ते २०१९ या काळात जे माझ्या क्लासला होते ते आता पुणे, मुंबई, दुबई, कुठं कुठं असतील. तुमचे रुपये डब्यात आहेत. भाच्याचे ३७ होते, ते त्यानं गेल्या सुट्टीत मोजून नेले. बाकीच्यांनीही येऊन आपापले घेऊन जावेत. वहीत प्रत्येकाचं नाव आणि आकडा लिहिलेला आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.